गुन्हा खरा, तपास लागत नाही

माझ्या वर्गातला एक मुलगा सप्टेंबर २०२२ पासून बेपत्ता आहे. तेव्हा चौथीत होता, नऊ वर्षांचा. त्याचं नाव, शहर, पोलीस ठाणं यातलं काही इथे लिहीत नाही. प्रकरण कोर्टात आहे आणि मूल अजून सापडायचं आहे. ठाणे जिल्ह्यातली एक पालिकेची मराठी शाळा आणि शाळेमागच्या चाळीत राहणारं हिंगोलीकडचं एक कुटुंब, एवढं पुरे. वडील सकाळी नाक्यावर उभे राहून मिळेल ते बिगारीकाम करणारे, आई चार घरची धुणीभांडी करणारी. दोघांना सही येते, वाचता जेमतेम येतं. त्यामुळे कागद आला की तो पिशवीत घालून आई शाळेत येते आणि मधल्या सुट्टीत मी तो वाचून दाखवते. या प्रकरणाशी माझा संबंध एवढाच, पण एवढ्यावरही पोलीस तपास कसा चालतो, किंवा कसा थांबतो, हे बऱ्यापैकी जवळून पाहायला मिळालं.

त्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास आईने त्याला पाव आणायला पाठवलं. बेकरी चाळीपासून पाच मिनिटांवर. आठ वाजले तरी तो परतला नाही. चाळीतल्या पोरांनी मैदान, गल्ल्या, अजून न सोडलेला गणपतीचा मांडव, सगळं पालथं घातलं. दहाच्या आसपास आईवडील पोलीस ठाण्यात गेले. अनंत चतुर्दशी नुकतीच होऊन गेली होती. दहा दिवस बंदोबस्तात उभी राहिलेली माणसं होती ती, दमलेली. हे मी त्यांची बाजू म्हणून लिहीत नाही, पण तेही खरं होतं.

ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात काही भांडण झालं होतं का? मारलंबिरलं होतं का?" आईने खरं ते सांगितलं, की दुपारी अभ्यासावरून ओरडले होते. मग चोवीस तास वाट बघा, नातेवाइकांकडे फोन करा, या वयाची पोरं स्टेशनवर जाऊन बसतात आणि भूक लागली की येतात, असं सांगून झालं. आई हलेना म्हणून शेवटी मिसिंगची नोंद घेतली. तिच्यात लिहिलं होतं: आई रागावल्याने रागाच्या भरात घरातून कोठेतरी निघून गेला.

पावाचा उल्लेखच नव्हता. खाली आईची सही होती.

दुसऱ्या दिवशी तो कागद मी वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "म्या असं नव्हतं सांगितलं म्याडम. पाव आणाया गेलं व्हतं लेकरू." लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवलं नव्हतं का, असं विचारलं. नव्हतं. दखलपात्र गुन्ह्याची खबर लिहून घेतली की ती खबर देणाऱ्याला वाचून दाखवायची, मग सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची, हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. आता नवीन संहितेत ते कलम १७३ झालं आहे, मजकूर त्याच अर्थाचा आहे. रात्री अकरा वाजता, रडणाऱ्या बाईसमोर, कोण वाचून दाखवतो?

तर या एका वाक्याने पुढची तीन वर्षं चालवली. मूल रागाने गेलं म्हटल्यावर ते स्वतःहून गेलं. स्वतःहून गेलं म्हटल्यावर ते कुठेतरी सुखरूप असणार. सुखरूप असणार म्हटल्यावर घाई कसली? कोणी हे असं बोलून दाखवलं नाही, पण दरवेळी उत्तरं याच रांगेत यायची.

मुलगा अठराच्या आतला असेल तर नुसती मिसिंग चालत नाही, हे मला ठाण्यातल्याच एका महिला हवालदारांनी सांगितलं. व्हरांड्यात, आवाज खाली करून. "अज्ञाताविरुद्ध तीनशे त्रेसष्ट लावायला सांगा. आज लावायला सांगा." तीनशे त्रेसष्ट म्हणजे अपहरणाचं कलम. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला, की मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवायची आणि उलट काही दिसेपर्यंत अपहरण किंवा मानवी तस्करी झाली आहे असंच धरून चालायचं. म्हणजे सुरुवात वाईट शक्यतेपासून करायची. चोवीस तासांचा नियम कुठल्याच कायद्यात नाही. तो कुठून आला माहीत नाही, पण आजही सर्वसामान्य माणसाला पोलिसांविषयी दुसरं काही माहीत नसलं तरी हे चोवीस तास माहीत असतात.

गुन्हा दोन दिवसांनी नोंदला गेला. भारतीय दंड संहिता कलम ३६३, आरोपी अज्ञात. मला वाटलं, आता गाडी रुळावर आली. प्रथम खबरीच्या, म्हणजे एफआयआरच्या, मजकुरात तेच वाक्य जसंच्या तसं उतरलं होतं. अपहरणाचा गुन्हा, आणि आत लिहिलेलं की मूल रागाने निघून गेलं. फिर्याद आईचीच. आम्ही पुरवणी जबाब मागितला, तो घेतलाही, पण पुरवणी जबाब फाइलच्या पोटात राहतो आणि प्रथम खबर सगळ्यात वर असते. नवा अधिकारी येतो तेव्हा तो वरचं पान वाचतो.

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट आडवी आली. महाराष्ट्रभर मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश व्हॉट्सअपवर नाचत होते. १३ सप्टेंबरला सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना लोकांनी पोरं पळवणारे समजून पट्ट्याने, काठ्यांनी मारलं. त्याआधी २०१८ साली धुळ्याच्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांचा असाच जीव गेला होता. त्यामुळे पोलीस अफवांवर विश्वास ठेवू नका, असं जिथेतिथे सांगत होते, आणि ते बरोबरच होतं. पण आमच्या चाळीतल्या बायका ठाण्यात जाऊन "कोणीतरी नेलं असेल" म्हणाल्या की समोरून ठरलेलं उत्तर यायचं, "तुम्ही पण त्या मेसेजवाल्याच का?" खऱ्या बेपत्ता मुलाची तक्रार अफवेच्या खात्यात जमा झाली. चौकात लावलेलं आमचं पत्रकही कोणीतरी काढायला लावलं, लोक भडकतील म्हणून. लोक भडकू नयेत हे मला कळतं. पण त्यावर मुलाचा फोटो होता.

आता सीसीटीव्हीकडे येते, कारण माझ्या मते हे प्रकरण तिथे मेलं.

बेकरीत कॅमेरा होता. त्याच्या वाटेवरच्या एका मेडिकलच्या दुकानातही होता, बाहेर रस्त्याकडे तोंड करून. मुलाचे वडील आणि शेजारचा रिक्षावाला पहिल्याच रात्री दोन्हीकडे गेले. बेकरीवाल्याने दाखवलं: सात वाजून बावीस मिनिटांनी पोरगा पाव घेतोय, सुटे पैसे मोजून देतोय. मेडिकलवाला म्हणाला, पोलिसांचं पत्र आणा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्याकडे मी गेले. त्याची मुलगी आमच्याच शाळेत, त्यामुळे त्याला नाही म्हणता आलं नाही. पडद्यावर सात एक्केचाळीसला मुलगा दिसला. हातात पावाची पिशवी, एकटा, चाळीच्या दिशेने चाललेला. पायात एकच चप्पल नीट, दुसरीचा अंगठा तुटलेला, म्हणून पाय ओढत. ती चप्पल वर्गाबाहेर रोज पाहिलेली, त्यामुळे चेहरा धुरकट असूनही ओळखायला वेळ लागला नाही. मी मोबाइलवर पडद्याचंच चित्रण करून घेतलं.

दुकानदार तेव्हाच म्हणाला, "मॅडम, आमचं डीव्हीआरचं घड्याळ पुढे आहे हां." डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र. त्याने लाइव्ह लावून दाखवलं. पडद्यावरची वेळ आणि माझ्या फोनवरची वेळ यात सतरा मिनिटांचा फरक होता. म्हणजे मुलगा मेडिकलसमोरून गेला तो सात चोवीसला. बेकरीतून निघून दोन मिनिटांनी. पाव घेतले आणि सरळ घराकडे निघाला, कुठेही रेंगाळला नाही. रागाने पळून जाणारं मूल पाव घेऊन घराच्या दिशेने कशाला चालेल? मेडिकलपासून चाळीच्या तोंडापर्यंत एक बोळ, एक अर्धवट बांधलेली इमारत आणि उभ्या टेम्पोंची रांग. जे काही झालं ते त्या टप्प्यात झालं. तपास करायला एवढुसा रस्ता उरला होता.

हे मी तपास अधिकाऱ्यांना तोंडी सांगितलं, मग लिहून दिलं. दुकानदाराचा जबाब घ्या, घड्याळातल्या फरकाचा पंचनामा करा, डीव्हीआर जप्त करा. साहेब नम्र होते, चहा विचारला. एक शिपाई जाऊन पेन ड्राइव्हवर तेवढा तुकडा घेऊन आला. पंचनामा नाही, जप्ती नाही, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं ६५-ब चं प्रमाणपत्र नाही. अशा दुकानातल्या डीव्हीआरवर नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढत जातं. महिन्याच्या आत ते फुटेज गेलं. अर्धवट इमारतीच्या वॉचमनचा जबाब झाला तेव्हा वॉचमन बदललेला होता.

शोध मात्र आम्ही घेतला, म्हणजे वडिलांनी. सोबत कधी रिक्षावाला, कधी मी, शनिवारची अर्धी शाळा सुटली की. रेल्वे स्टेशनवर गेलं की लोहमार्ग पोलीस म्हणायचे, कॅमेरे रेल्वे सुरक्षा दलाकडे आहेत. सुरक्षा दल म्हणायचं, शहर पोलिसांचं पत्र लागेल. शहर पोलीस म्हणायचे, पत्र पाठवलंय. १०९८ ला फोन केला. ही चाइल्डलाइन १९९६ साली मुंबईतच सुरू झालेली. तिथल्या मुलीने निदान सगळं शांतपणे ऐकलं आणि पुढे काय करायचं ते सांगितलं. मानखुर्दच्या बालगृहात फोटो दिला, डोंगरीला दिला, बालकल्याण समितीसमोर अर्ज केला. अनोळखी मृतदेहांचे फोटो पाहायला वडील गेले तेव्हा ते मला बाहेरच थांबा म्हणाले. आत पंधराएक मिनिटं होते. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं आणि म्हणाले, "न्हाई." पुन्हा त्या विषयावर आम्ही बोललो नाही. नंतरही असे फोटो दाखवायला त्यांना बोलावलं गेलं, कधी कधी वयाचा काहीही मेळ नसताना.

हरवलेल्या मुलांच्या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद आहे. एकदा शाळेच्या संगणकावर मी ती काढून पाहिली तर फोटोच्या जागी करडी चौकट. अंगावरच्या खुणा: निरंक. त्याच्या डाव्या भुवईवर टाक्यांचा व्रण आहे, शाळेत बाकावरून पडला होता, दवाखान्यात मीच घेऊन गेले होते. हे जबाबात होतं. जबाबातून पोर्टलवर यायला कोणीतरी टाइप करावं लागतं.

मग एक रात्र वडिलांना ठाण्यात बसवून ठेवलं. दुसरं लग्न केलंय का, गावाकडे जमिनीचा वाद आहे का, पोराला विकलं का. घरच्यांची चौकशी झालीच पाहिजे, याला माझी हरकत नाही. पण जी चौकशी पहिल्या दिवशी व्हायला हवी ती पाच महिन्यांनी, आणि तीही वरून स्मरणपत्र आल्यावर फाइलमध्ये काहीतरी दिसावं म्हणून झाली, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. दुसऱ्या दिवशीची त्यांची हजेरी बुडाली. नाक्यावर रोज उभा राहणारा माणूस एक दिवस दिसला नाही की मुकादम दुसऱ्याला घेतो.

तपास अधिकारी बदलत गेले. पहिले साहेब बदलून गेले, दुसरे प्रशिक्षणाला, तिसऱ्यांकडे एक मोठी घरफोडी आली. प्रत्येक नव्या साहेबांनी आईवडिलांना बोलावून नव्याने जबाब घेतला, आणि प्रत्येक वेळी जबाब लिहिणाऱ्या रायटरने सुरुवात जुन्याच कागदावरून केली. एकदा मी म्हटलं, "साहेब, त्या वाक्याबद्दल आमचा अर्ज आहे." त्यांनी फाइल चाळली. अर्ज फाइलमध्ये नव्हता. माझ्याकडे पोच होती, शिक्क्यासकट. तेव्हापासून पोच घेतल्याशिवाय मी कुठल्याच टेबलावरून उठत नाही.

याच्या उलटंही घडू शकतं, हे आम्हाला माहीत होतं, म्हणून जास्त लागायचं. आमचा मुलगा हरवण्याच्या महिनाभर आधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, अंधेरीतून जानेवारी २०१३ मध्ये नाहीशी झालेली एक मुलगी साडेनऊ वर्षांनी सापडली होती. डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्याकडे २००८ ते २०१५ या काळात १६६ मुली हरवल्याच्या तक्रारी आल्या, १६५ सापडल्या, ही एक राहिली. भोसले २०१५ मध्ये निवृत्त झाले तरी तिचा फोटो खिशात ठेवून शोधत राहिले. सापडली ती घरापासून हाकेच्या अंतरावर राहत होती. ही बातमी आमच्या स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचली गेली होती. त्या बातमीचं कात्रण आईने घरी देव्हाऱ्याशेजारी चिकटवलंय. मला त्यात भोसल्यांचं मोठेपण दिसतं, आणि हेही दिसतं की तपास लागण्यासाठी एका माणसाला निवृत्तीनंतर स्वतःच्या खिशातून तो चालवावा लागला. यंत्रणा म्हणून जे व्हायला हवं ते एखाद्याच्या स्वभावावर सोडलेलं आहे.

कायदा कमी पडला असंही नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून आम्हाला फुकट वकील मिळाल्या. तरुण, बोलायला तुटक, पण कागद बारकाईने वाचणाऱ्या. त्यांनी बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला नियम ९२ दाखवला. मूल हरवलं की लगेच गुन्हा, विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं, फोटो सगळीकडे पाठवणं, आणि प्रथम खबरीची प्रत पालकांच्या पत्त्यासह विधी सेवा प्राधिकरणाला पाठवणं, म्हणजे पालकांना वकील शोधत हिंडावं लागू नये. चार महिन्यांत मूल नाही सापडलं तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे वर्ग करायचा, आणि त्या पथकाने दर तीन महिन्यांनी प्राधिकरणाला अहवाल द्यायचा. वकीलबाईंनी प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी केली. आमच्या मुलाच्या नावाने तिथे एकही कागद आला नव्हता. चार महिने उलटून तेव्हा वर्ष होत आलं होतं.

माहितीच्या अधिकारात विचारलं की तपास वर्ग का केला नाही. उत्तर आलं, कलम ८(१)(ज) नुसार माहिती दिल्यास तपासात अडथळा येईल. हे वाचून वकीलबाई पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या.

आधारचंही सांगते, कारण त्यावर आम्ही बरीच आशा ठेवली होती. नागपूरच्या एका आधार केंद्रात २०२१ साली असा प्रकार झाला होता. एका मुलाची नवी नोंदणी वारंवार नाकारली जात होती, कारण त्याचे ठसे आधीच दुसऱ्या नावाने यंत्रणेत होते. त्यावरून दहा वर्षांपूर्वी जबलपूरहून हरवलेल्या त्या मुलाचं घर सापडलं. आमचा मुलगा कुठे शाळेत घातला गेला, कोणी त्याचं नवं आधार काढायला गेलं, तर तसंच होईल, असं मला वाटलं. मी जनरल रजिस्टरला लावलेली त्याच्या आधारची झेरॉक्स काढली. फोटोत दीड वर्षाचं बाळ, कपाळाला काजळाची तीट. पाच वर्षांखालच्या मुलाचे ठसे घेतच नाहीत. पाच पूर्ण झाल्यावर ते द्यावे लागतात, आणि त्या वर्षी हे कुटुंब गाव सोडून इकडे येण्याच्या गडबडीत होतं, पुढे कोरोना आला. ठसे यंत्रणेत नाहीतच. तो रस्ता बंद.

शाळेतही एक छोटी लढाई झाली. दीर्घ अनुपस्थित म्हणून त्याचं नाव कमी करायची सूचना आली. पटसंख्या, तिच्यावरून ठरणारी शिक्षकांची संख्या म्हणजे संचमान्यता, सगळी गणितं असतात. मुख्याध्यापक चांगले माणूस, म्हणाले, तुम्हीच सांगा काय करू. आम्ही रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात गुन्हा क्रमांक लिहिला आणि नाव ठेवलं. तपासणीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांनी तो शेरा वाचला आणि पान उलटलं.

गेल्या वर्षी कोर्टाची नोटीस आली. पोलिसांनी ए समरीचा अहवाल दाखल केला आहे, फिर्यादीला काही म्हणायचं असल्यास हजर राहावं. ए समरी म्हणजे गुन्हा खरा आहे, पण आरोपी सापडत नाही, तपास थांबवायला परवानगी द्या. बी समरीत फिर्याद खोटी ठरते, सी मध्ये गैरसमजातून किंवा चुकून दिलेली ठरते. त्या मानाने ए म्हणजे फिर्यादीवर विश्वास आहे. आईला हे समजावताना माझीच पंचाईत झाली. "गुन्हा झाला आसं म्हनत्यात, मंग बंद कामून करायलेत?" तिच्या या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, धागादोरा मिळाला तर फाइल पुन्हा उघडता येते वगैरे. मी ते दिलं नाही.

अहवाल तीन पानी होता. पहिल्या पानावर, पहिल्याच परिच्छेदात: आई रागावल्याने रागाच्या भरात घरातून निघून गेला. दुसऱ्या पानावर सीसीटीव्ही. सात बावीसला बेकरी, सात एक्केचाळीसला मेडिकल, मधली एकोणीस मिनिटं मुलगा परिसरात रेंगाळत होता, यावरून त्याची घरी परतण्याची इच्छा नसल्याचं दिसून येतं. सतरा मिनिटांचा फरक कोणी नोंदवलाच नव्हता, म्हणून ती सतरा मिनिटं मुलाच्या माथी आली.

नोटीस येणं हेसुद्धा आपोआप झालेलं नाही. तपास बंद करायचा असेल तर आधी फिर्यादीला कळवून त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली भगवंतसिंग प्रकरणात सांगितलं, म्हणून ती येते. बरेच लोक या नोटिशीला जात नाहीत. कोर्टाचं नाव काढलं की माणूस घाबरतो, आणि रोजंदारी बुडते. वकीलबाईंनी हरकतीचा अर्ज तयार केला. त्याला माझ्या पोच जोडल्या, मोबाइलवरचं चित्रण जोडलं, नियम ९२ जोडला. सुनावणीच्या दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारलं, मूळ डीव्हीआर कुठे आहे? सरकारी वकिलांनी तपास अधिकाऱ्यांकडे पाहिलं. हे चौथे साहेब, येऊन जेमतेम दोन महिने झालेले. ते म्हणाले, माझ्या आधीच्या काळातलं आहे. खरंच होतं ते. या प्रकरणात प्रत्येक गोष्ट कोणाच्या ना कोणाच्या आधीच्या काळातली आहे.

बाहेर पायऱ्यांवर वकीलबाई निठारीबद्दल बोलल्या. नोएडाच्या त्या गावातून मुलं हरवत होती, आईबाप तक्रारी घेऊन जात होते आणि त्यांना परत पाठवलं जात होतं. डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या एका घरामागच्या नाल्यातून सांगाडे निघाले तेव्हा देश हादरला. फाशीच्या शिक्षा झाल्या, आणि पुढे एकेक करून सगळ्या खटल्यांतून आरोपी सुटले, शेवटच्यातून नोव्हेंबर २०२५ मध्ये. मग मुलांना मारलं कोणी, याचं उत्तर आज कोणाकडे नाही. "सुरुवातीचा तपास नासला की वीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयही काही करू शकत नाही," एवढं बोलून त्या पुढच्या केसला आत गेल्या.

आमची ए समरी मंजूर झाली नाही. पुढील तपासाचा आदेश झाला, आणि तो मानवी तस्करीविरोधी पथकाने करावा असंही त्यात आलं. आईवडिलांच्या रक्ताचे नमुने डीएनएसाठी कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत गेले, जे पहिल्या वर्षीच जायला हवे होते. पोर्टलवर फोटो आणि भुवईवरचा व्रण चढला. नव्या अधिकारी बाई आहेत. त्यांनी आईला जबाबासाठी बोलावलं तेव्हा आईने सही करायच्या आधी कागद माझ्याकडे सरकवला आणि त्यांना म्हणाली, "म्याडम वाचत्याल, मंग करते." त्यांनी तो माझ्या हातून घेतला आणि स्वतःच वाचून दाखवला, सावकाश. एके ठिकाणी आईने थांबवलं, दुरुस्ती सांगितली, त्यांनी ती केली. एवढ्याला अर्धा तास लागला असेल.

मेडिकलच्या दुकानदाराचा जबाब अजून झालेला नाही. दुकान त्याने मागच्या दिवाळीत विकलं, पण तो राहतो इथेच, बाजारपेठेच्या मागे. त्याचा पत्ता आणि फोन नंबर अर्जासोबत दिला आहे, पोच माझ्याकडे आहे. पुढची तारीख जूनमधली आहे, आणि बदल्या मे महिन्यात होतात.